नदीतून वर आलेला दादा

सलूनमधली मंडळी त्याला मौनीबुवा म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू. त्यात चेष्टा होती, पण मनात वाईट काही नव्हतं. जो माणूस येतो, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसतो, मान हलवतो, फारच झालं तर फोनवर चार शब्द लिहून दाखवतो आणि अख्खी संध्याकाळ तोंडातून ब्र काढत नाही, त्याला दुसरं काय म्हणणार? जन्मापासून मुका असावा, असा सगळ्यांनी समज करून घेतला होता. असल्या गोष्टी तोंडावर विचारणार कसं, म्हणून कुणी विचारलं नाही आणि त्यानंही तो समज तसाच राहू दिला.

खरं म्हणजे मौनीबुवाचं पोटच बोलण्यावर होतं. परदेशी मालिकांना आपल्या भाषेत आवाज द्यायचं काम तो वीसेक वर्षं करत आला होता. पोलीस, खुनी, पोरीच्या लग्नात रडणारे बाप, झालंच तर एक बोलका घोडा, सगळे त्याच्या घशातून बोलून गेले होते. नाव कधी पडद्यावर आलं नाही, आलं तरी वाचतो कोण. आणि मग ‘आखाडा’ आली.

‘आखाडा’ ही प्राचीन रोममधली गोष्ट. लोकांच्या करमणुकीसाठी एकमेकांच्या जिवावर उठवले जाणारे गुलाम, म्हणजे ग्लॅडिएटर, एके दिवशी मालकावरच उलटतात आणि डोंगरात पळून जातात. तिथून बंड पसरत जातं. त्यांच्या म्होरक्याचं परदेशी नाव कुणाच्याच जिभेवर नीट बसेना, म्हणून बघणाऱ्यांनी त्याला सरळ दादा करून टाकलं. शनिवारी संध्याकाळी दादा घोड्यावर बसून आपल्या माणसांना हाका मारी आणि घरोघरी लोकांच्या अंगावर काटा येई. तो आवाज मौनीबुवाचा होता.

या हाकांनीच घात केला. लढाया फार आणि प्रत्येक लढाईत दादाचं ओरडणं फार. शेवटी मौनीबुवाच्या स्वरयंत्रावर गाठ धरली. गाठ साधी निघाली, पण काढावी लागली आणि डॉक्टरीणबाईंनी त्याच्या तोंडाला कुलूप घातलं. बोलायचं नाही, खाकरायचं नाही, कुजबुजायचं तर मुळीच नाही. आवाज पहिल्यासारखा येईल का, असं त्यानं लिहून विचारलं. येईल किंवा नाही येणार, म्हणाल्या. बाई खरं बोलल्या, पण असलं खरं ऐकून माणसाचं पोट भरत नाही.

तोवर मालिका थांबणार नव्हती. उरलेल्या भागांसाठी स्टुडिओनं एक नवा मुलगा घेतला, दादाची हुबेहूब नक्कल करणारा. तिथं आवाजाचं काम बघणाऱ्या दिग्दर्शिकेनं मौनीबुवाच्या बायकोला फोनवर सगळं सांगितलं, आडपडदा ठेवला नाही. ‘आखाडा’ला पुढची मालिका येणार होती, दादाच्या तरुणपणाची, चांगली तीन वर्षं चालेल अशी. तिच्यात दादाचा आवाज कुणाचा, हे आता ठरायचं होतं. लोकांना फरक कळलाच नाही, तर जुन्याची वाट बघत बसायला वाहिनी तयार होणार नाही.

म्हणून मौनीबुवा सलूनमध्ये येऊ लागला. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागच्या गल्लीत हे सलून होतं. काचेवर दादाचं चित्र, आत भिंतीवर मोठा टीव्ही, आणि शनिवारी संध्याकाळी केस कापायला कमी आणि मालिका बघायला जास्त माणसं. घरी बसून बघितलं असतं, तर बायको म्हणाली असती की काही फरक नाही, किंवा फार फरक आहे, आणि दोन्ही तिनं मायेपोटीच म्हटलं असतं. त्याला परक्यांचं मत हवं होतं. ते ऐकायला तो दर शनिवारी यायचा.

सलूनवाला हा या दरबाराचा राजा. एकदा का मालिका सुरू झाली, की अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकही तसंच बसवून ठेवायचा. शेजारच्या औषधांच्या दुकानातली औषधवाली आपलं शटर अर्धं ओढून येऊन बसायची. तिसरे मास्तर. आयुष्यभर इतिहास शिकवला, आता निवृत्त. या बंडाचं पुढं काय झालं हे त्यांना ठाऊक होतं आणि ते सांगायला त्यांची जीभ सारखी वळवळे. त्यांनी तोंड उघडलं रे उघडलं, की सलूनवाला त्यांच्या गालावर साबणाचा फेस चढवायचा. मास्तरांची दाढी त्या काळात फार गुळगुळीत असे.

नव्या मुलाचा पहिला भाग लागला, तेव्हा दादा धुक्यात पुलावर लढत होता. लढता लढता तो नदीत पडला. पाण्यावर बराच वेळ काहीच दिसलं नाही, मग पलीकडच्या काठाला हात दिसला आणि दादा वर आला. वर येऊन जे पहिलं वाक्य बोलला, ते नव्या मुलाचं होतं. मौनीबुवानं खुर्चीचे दांडे धरून ठेवले. नक्कल इतकी चांगली होती की क्षणभर त्यालाच वाटलं, हे आपण कधी बोलून ठेवलं?

भाग संपला. सलूनवाला कात्री पुसत राहिला. औषधवाली म्हणाली की दादाचा आवाज आज निराळा लागला. मौनीबुवाचा जीव भांड्यात पडला. पण तो तिथं फार वेळ राहिला नाही.

कारण या लोकांना कधी काही साधं सुचतच नसे. कुणीतरी दुसरा माणूस बोलतोय, आजारी पडला असेल पहिला, हे त्यांच्या मनातही आलं नाही. दादाच्या मागं कुणी आवाज देणारा आहे, हेच त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. दादा तो दादा. तेव्हा आवाज बदलला तर त्याचं कारण गोष्टीतच असणार. थंड पाण्यानं घसा बसला, असं आधी ठरलं. पुढच्या शनिवारी आवाज तसाच, म्हणजे घशाचं प्रकरण निकालात निघालं. मग सलूनवाल्यानं वस्तरा खाली ठेवला आणि सगळ्यांकडे बघून सांगितलं.

“नदीत पडला तो आणि वर आला तो, हे दोघं एक नाहीत. वर आलाय तो तोतया आहे.”

झालं. या एका वाक्यानं सलून पेटलं. जुने भाग फोनवर काढून, थांबवून थांबवून तपासले गेले. दादा पाणी उजव्या हातानं प्यायचा, हा डाव्या हातानं पितो. दादा घोड्याच्या मानेवर थोपटायचा, हा थोपटत नाही. औषधवालीनं हे सगळं व्यवस्थित लिहून फोनवरच्या मोठ्या मंडळात टाकलं, जिथं ‘आखाडा’चे हजारो वेडे जमत. तिथून ते वणव्यासारखं पसरलं. खरा दादा डोंगरात लपलाय, शेवटच्या भागात परत येणार, यावर लोक पैजा मारू लागले. मास्तर एकटे सांगत होते की असला काही तोतया इतिहासात नाही. त्यांना फेस लावण्यात आला.

मौनीबुवाला हसावं की रडावं कळेना. लोकांनी त्याला ओळखलं होतं आणि ओळखलंही नव्हतं. रात्री तो डोळे उघडे ठेवून पडून राही. गळ्याला हात लावून बघे, आत काय शिजतंय ते हाताला कळत नसे. बोलून बघावं, एकच शब्द, स्वतःचं नावच बोलून बघावं, असा मोह होई. बायको कूस न बदलता म्हणे, “गप पड.” तिला झोपेत कसं कळायचं, देव जाणे.

मग दिग्दर्शिकेचा फोन आला. वाहिनीकडे पत्रांचा पाऊस पडला होता. खरा दादा परत आणा, असं लोक म्हणत होते. गोष्ट तर परदेशात लिहून, चित्रित होऊन बसलेली, तिच्यात तोतयाबितया कुणी नव्हता. पण निदान आवाज तरी परत आणता येत होता. शेवटच्या भागाला मौनीबुवा आला, तर पुढची मालिका त्याची. बायकोनं फोन ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. त्यानं नुसती मान हलवली.

डॉक्टरीणबाईंनी आरशानं गळा तपासला, आतून बरं भरून आलंय म्हणाल्या. थोडं बोला, पण ओरडायचं नाही. ओरडलात तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका. घरी येऊन त्यानं पहिला शब्द उच्चारला तो बायकोचं नाव. आवाज आला. मात्र तो आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता. खालच्या पट्टीतला, खरखरीत, कडेला फाटलेला. बायको भांडी विसळत होती. तिनं नळ बंद केला आणि म्हणाली, “आला ना? आता गप बस थोडा.” पाठमोरीच राहिली, चेहरा काही दाखवला नाही.

काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून तो उभा राहिला. समोर पडद्यावर दादा मरायला टेकला होता. बंड मोडलं होतं, माणसं पांगली होती, दादा चिखलात बसून शेवटच्या सोबत्याशी बोलत होता. मौनीबुवा त्याच्या ओठांवर नजर ठेवून बोलत गेला. जिथं दादा तोंड फाडून ओरडतो, तिथं तो थांबला. दिग्दर्शिकेनं त्या ओरडण्यावर रणशिंगांचा आवाज चढवून टाकला. सगळं संपल्यावर तिनं काचेपलीकडे शेवटचा तुकडा पुन्हा लावून ऐकला. नंतर म्हणाली, असंच ठेवू. हे कौतुक होतं की दया, हे विचारायची त्याला हिंमत झाली नाही. नवा मुलगा दाराशी उभा होता. त्यानं वाकून नमस्कार केला, तेव्हा तर मौनीबुवाला आपण गेल्यातच जमा झालो असं वाटलं.

शेवटच्या शनिवारी सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सलूनवाल्यानं गिऱ्हाइकं घेतलीच नाहीत. मौनीबुवाची कोपऱ्यातली खुर्ची मात्र राखून ठेवली होती, ते बघून त्याला उगाच भरून आलं. भाग सुरू झाला. दादानं तोंड उघडलं आणि तो खरखरीत, फाटका आवाज सगळ्या खोलीत गेला. औषधवालीनं झटकन मान वर केली.  मौनीबुवा टीव्हीकडे बघतच नव्हता, तो लोकांच्या मानांकडे, खांद्यांकडे बघत होता. दादा चिखलात बसला, बोलत राहिला, मेला. मास्तरांनी डोळे पुसले, वर पुटपुटले की पुस्तकात तर शवही सापडलं नव्हतं.

दिवे लागले. सगळे सलूनवाल्याच्या तोंडाकडे बघू लागले. त्यानं आधी टीव्ही बंद केला.

“आपल्याला फसवलं,” तो म्हणाला. “खरा दादा आलाच नाही. आणि हा तोतयाही नव्हे. हा तिसराच कुणीतरी.”

 इतके दिवस मौनीबुवा ज्याला भीत होता, ते याहून बरं होतं. लोकांना फरक कळला नसता, तर तो विस्मरणात गेला असता. इथं तर लोक त्याची वाट बघत बसले होते, तो आला होता, आणि त्याला दारातूनच परत पाठवत होते. औषधवाली हळहळत होती. कुणी म्हणालं, हा म्हाताराच कुणी दिसतो. कुणी म्हणालं, शत्रूनं पेरलेला असेल. सगळ्यांची मतं देऊन झाली, तसा सलूनवाला कोपऱ्याकडे वळला. एरवी सगळे मौनीबुवाला मान हलवायला लावून मोकळे व्हायचे, आज त्यानं नीट विचारलं.

“बुवा, तुम्ही सगळे भाग बघितलेत. तुम्हाला काय वाटतं? लिहा, सावकाश लिहा.”

मौनीबुवानं फोन काढला. अंगठा अक्षरांवर नेला. मग फोन मांडीवर उलटा ठेवला.

“तोच आहे तो,” तो म्हणाला. “घसा गेलाय त्याचा. बाकी सगळा तोच आहे.”

 औषधवालीचा हात तोंडावर गेला. मास्तरांनी टीव्हीकडे बघितलं, तो बंद होता, मग कोपऱ्याकडे बघितलं. सलूनवाला गर्दीतून वाट काढत आला आणि त्याच्यासमोर उकिडवा बसला. काचेवरचं ज्याचं चित्र तो रोज सकाळी पुसून लख्ख करायचा, त्याच्याकडे बघावं तसा तो त्या साध्या, वर टक्कल पडू लागलेल्या, घामेजलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

“परत बोला,” तो हळूच म्हणाला. “काहीही बोला.”