पाठ केलेला काल

मित्रांनो, काडेपेटीहून थोडा मोठा, कडा घासलेला असा मी एक जुना रेकॉर्डर आहे. मला डोळे नाहीत. मी फक्त ऐकतो. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटले होते, माझ्यात गाणी भरतील. पण नंदुरबारच्या एका दवाखान्यात आलो आणि तिथल्या परिचारिका यामिनीताईंच्या पिशवीतून गावोगाव फिरू लागलो. ज्यांची आठवण हळूहळू विझते आहे, अशांचे बोलणे मी टिपायचो. शब्द कुठे अडतो, बोलताना थांबा किती पडतो, हे मोजून संगणक सांगायचा, आजार किती वाढला. डॉक्टर माझे कौतुक करायचे.

धानोऱ्याच्या तापीबाईंना ताई दर महिन्याला एकच विचारायच्या, "मावशी, काल काय करं?"

पहिल्यांदा उत्तर खणखणीत आले. "काल मिरच्या तोड्यात. ठसका लागना, मंग घर उनू." आणि घरी आल्याचे सांगून त्या खोकल्या.

पुढे थांबे वाढत गेले. सहाव्या महिन्यात ताईंनी ते पहिले बोलणे त्यांना ऐकवले. तापीबाई घाबरल्या. "कोन शे ती बाई? मन्हा वावरमा काय करी ऱ्हायनी?"

त्यांचे पती धुडकूबाबा यांनी मात्र ते बोलणे आपल्या मोबाईलमध्ये मागून घेतले.

अकराव्या महिन्यात ताईंनी विचारले आणि उत्तर लगेच आले. "काल मिरच्या तोड्यात. ठसका लागना, मंग घर उनू." तोच वेग, तीच लय, शेवटी तोच खोकला. माझ्या आतली बाई बाहेर बसून बोलत होती.

संगणकाने सुधारणा दाखवली. डॉक्टर गोळ्या कमी करायला निघाले. मला खरे ठाऊक होते. पण मला स्वतःचा शब्द नाही.

ताई ही बातमी घेऊन आल्या, तेव्हा धुडकूबाबा हुंदके देऊ लागले. "ताई, यंदा वावरमा मिरचीच नही. रोज मोबाईल लाईसन मीच तिनाकडथून पाठ करी लिधं. माले वाटनं, आवाज उना ते ती बी परत यी."

गोळ्या होत्या तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी ताई पुन्हा आल्या. बाबांना त्यांनी बोलू दिले नाही. प्रश्न विचारला आणि त्या थांबल्या. चाळीस सेकंद मी नुसता श्वास टिपला.

मग अगदी बारीक आवाज आला. "काल... ह्या रडनात." ह्या म्हणजे तिचे धनी, धुडकूबाबा; हे कुणी पाठ करून घेतले नव्हते.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी बोलताना अडले, तर घाईने शब्द पुढे करू नका. जवळ बसा. त्यांचे त्यांना म्हणू द्या.