हिरव्या लुनेची साक्ष

मित्रांनो, पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात, निंबाखाली, मोडक्या मोटारसायकलींच्या ढिगाला टेकून एक हिरवी लुना उभी आहे ना, ती मी. सीट फाटलंय, हँडल वाकडं झालंय, मागच्या चाकाचा पार आठ झालाय. तुम्ही मला भंगार म्हणाल. म्हणा बापडे! पण माझी कहाणी ऐकल्याशिवाय पुढे जायचं नाही. मला राग आलाय, आणि तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय उतरणार नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी लालचुटूक होते. माझे पहिले मालक अमळनेरचे एक मास्तर. त्यांनी मला शाळेपलीकडे कधी नेलं नाही. ते थकले तेव्हा झुलालनं मला विकत घेतलं आणि मला खरं काम काय असतं ते कळलं. झुलालच्या मळ्यात भरिताची वांगी पिकायची, मोठी, हिरवी, तुकतुकीत. पहाटे माझ्यावर दोन पोती लादायची, वर स्वतः बसायचं आणि धुळ्याचा बाजार गाठायचा. चढावर मी धापा टाकायचे, मग झुलाल पायडल मारायचा. दोघं मिळून चढ चढायचो.

माझा लाल रंग उडाला तेव्हा घराच्या दाराला लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट झुलालनं मला फासला. ब्रशचे केस अजून माझ्या अंगाला चिकटलेले आहेत. त्याची बायको मंजुळाबाई मला सवत म्हणायची. "मले कधी इतलं पुसं नहीं, जितलं इले पुसस," असं ती शेजारणींना सांगायची आणि दर दसऱ्याला आधी माझीच पूजा करायची. मला हळदी-कुंकू लावायची, झेंडूची माळ घालायची. असे माझे लाड होते.

मग श्रावणातला तो दिवस उजाडला. अमळनेरहून धुळ्याकडे जाताना वाटेत एक नाला लागतो. नाल्याच्या अलीकडे जळगाव जिल्हा, पलीकडे धुळे जिल्हा. चांगलं उजाडलं होतं. आम्ही पुलावर आपल्या बाजूनं चाललो होतो. मागून एक पांढरी गाडी आली, मोठी, उंच. हॉर्न नाही, काही नाही. तिनं मला मागून असं उडवलं की मी अलीकडच्या काठावर पडले आणि झुलाल पुलाच्या पलीकडे जाऊन आदळला. गाडी जरा हळू झाली. मला वाटलं, आता दार उघडेल. पण दार काही उघडलं नाही. गाडीनं वेग घेतला आणि ती निघून गेली.

पुढचं सांगताना माझ्या अंगाची लाही लाही होते. रस्ताभर वांगी पसरली होती. दोन मोटारसायकली थांबल्या, एक रिक्षा थांबली. त्यातली माणसं उतरली आणि पिशवीत वांगी भरायला लागली! झुलाल तिकडे कण्हत होता. एक जण म्हणाला, हात लावू नका, पोलिसांच्या लफड्यात अडकाल. शेवटी केळीचा टेम्पो घेऊन जाणाऱ्या एका माणसानं त्याला उचलून धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. तोवर फार रक्त गेलं होतं. डॉक्टरांनी उजवा पाय गुडघ्यापासून काढला. थोडं आधी आणला असता तर पाय वाचला असता, असं त्यांनी मंजुळाबाईला सांगितलं. ते वाक्य तिच्या काळजात रुतून बसलं. तिला पैसा नको होता, कुणाला फाशीही नको होती. थांबला नाही तो कोण, एवढंच तिला हवं होतं.

ती आधी नाल्याअलीकडच्या ठाण्यात गेली. हवालदार योगराज चहा पीत होते. त्यांनी विचारलं, माणूस कुठे पडला? पुलापलीकडे. मग हद्द धुळ्याची, तिकडे जा. ती धुळ्याच्या ठाण्यात गेली. तिथल्या जमादारानं विचारलं, गाडी कुठे पडली? पुलाअलीकडे. मग हद्द जळगावची, परत जा. कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवून घ्यावीच लागते, असा कायदा आहे म्हणे. पण कायदा कपाटात होता आणि मंजुळाबाई एसटीत. एकाच नवऱ्याचे दोन जिल्हे करून टाकले होते या लोकांनी!

नाइलाजानं एकदाची तक्रार घेतली ती अलीकडच्या ठाण्यानं, कारण मी त्यांच्या बाजूला पडले होते. 'अज्ञात वाहन' असं लिहिलं. पंचनाम्याला योगराज हवालदार पुलावर आले खरे, पण जीपमधून खाली उतरले नाहीत. उंटावरून शेळ्या हाकतात तसं खिडकीतून बघून त्यांनी सांगितलं, लिहा, जुनी मोपेड, किरकोळ नुकसान. माझ्या मागच्या मडगार्डवर हातभर पांढरा रंग खरवडून बसला होता, त्याच गाडीचा! तो कुणी पाहिला नाही. जाताना माझ्या पोत्यात उरलेली चार वांगी मात्र जीपच्या मागच्या सीटवर गेली.

तेव्हापासून मी इथे आहे. मंजुळाबाई दर बाजाराच्या दिवशी यायची. कधी साहेब बंदोबस्तात, कधी साहेब जेवायला गेलेले. योगराज म्हणायचे, अक्का, हायवेवर पांढऱ्या गाड्या हजार, कुठली शोधू? ती म्हणायची, एक तरी शोधा ना भाऊ. ते हसायचे. माझ्या तळचाकाची आग हँडलापर्यंत जायची. मला तोंड असतं तर त्या हसण्याला मी असं उत्तर दिलं असतं की ठाण्याची कौलं उडाली असती.

आणि दसरा आला. ठाण्यात सकाळपासून धांदल सुरू होती. बंदुका पुसल्या, जीप धुतली, टेबलावर पांढरी चादर घातली. फौजदार साहेबांच्या हस्ते शस्त्रपूजा होती. गावातली मोठी माणसं आली होती, पेपरवाला कॅमेरा घेऊन आला होता. त्या गर्दीत मंजुळाबाई ताट घेऊन आली. योगराजांनी विचारलं, आज काय? ती म्हणाली, आमच्या गाडीची पूजा आजवर चुकली नाही, यंदाही चुकवायची नाही. दसऱ्याला नाही कसं म्हणणार? ते म्हणाले, करा, पण लवकर आटपा.

तिनं नळाखाली बादली भरली. बोटभर साबणाची वडी आणली होती, नारळाची शेंडी आणली होती. मित्रांनो, एरवी मला आंघोळ किती आवडायची! पण त्या दिवशी माझा जीव चाकात आला. ती घासणार, चिखलाबरोबर तो पांढरा रंगही खरवडून काढणार, आणि जगात जो एकच पुरावा उरला होता तो मायेनं धुऊन जाणार. कुणीतरी तिला थांबवा, असं मी आतल्या आत ओरडत होते. तिनं हँडल घासलं, सीट पुसलं. मग मागे आली. मडगार्डवर पाणी ओतलं. शेंडी टेकवली आणि एकदा घासलं. चिखल वाहून गेला आणि खाली पांढरं चकाकलं.

तिचा हात तिथेच थांबला. तिनं बोट फिरवलं, नखानं टोकरलं. घरचं दार हिरवं, मी हिरवी, त्याखाली जुनी लाल. पांढरा कुठून आला? मग तिनं शेंडी बाजूला ठेवली आणि त्या पांढऱ्या ओरखड्याभोवती कुंकवाचं मोठं कडं काढलं. माळ घातली नाही, ओवाळलं नाही. ताटातलं आपट्याचं पान उचललं आणि थेट पुढच्या आवारात गेली.

फौजदार साहेब मोठ्या माणसांना सोनं देत-घेत फोटोला उभे होते. सोनं देणाऱ्याला दसऱ्याला कुणी परत पाठवत नाही. मंजुळाबाईनं पान पुढे केलं, साहेबांनी सवयीनं हात पसरला. पान हातावर ठेवून तिनं सगळ्यांदेखत सांगितलं, "सोनं ल्या, साहेब. आते मनी गाडीकडे एकदाव देखा. तिले जो रंग लागेल शे, तो आमना नहीं."

कॅमेरेवाला आधी वळला, मग साहेबांना वळावंच लागलं. माझ्याभोवती इतकी माणसं कधी जमली नव्हती. साहेबांनी ओरखडा पाहिला, मग योगराजांकडे पाहिलं. योगराज जमिनीकडे बघत होते. त्याच दुपारी पंच बोलावले, नवा पंचनामा झाला, रंगाचा नमुना पुडीत गेला. वरातीमागून घोडं, पण आलं.

माझा कुंकू लावलेला फोटो पेपरात आला, मोबाइलवर फिरला. धुळ्यातल्या एका रंगकाम करणाऱ्यानं तो पाहिला आणि ठाण्यात फोन केला. श्रावणात त्यानं एका पांढऱ्या गाडीच्या बंपरवरून हिरवा ऑइलपेंट खरवडून काढला होता. इतके दिवस भीतीपोटी गप्प होता. गाडी सापडली. चालवणारा भूपेंद्र, धुळ्याच्या एका बांधकामवाल्याचा मुलगा. त्याला पकडलं, त्याच दिवशी जामीन मिळाला.

ती गाडी माझ्या शेजारी आणून लावली. वर ताडपत्री घातली, रंग खराब होऊ नये म्हणून! आठवडा झाला नाही तोच कोर्टाचा कागद आला आणि भूपेंद्र ती न्यायला हजर झाला. मला मात्र सोडत नाहीत, कारण माझं नोंदणीचं पुस्तक अजून मास्तरांच्या नावावर आहे आणि मास्तर देवाघरी गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

त्याच दिवशी माझ्यासाठी अर्ज द्यायला झुलाल आला होता, काखेत कुबड्या, मागे मंजुळाबाई. भूपेंद्र किल्ली हातात घेऊन उभा होता. मंजुळाबाई पुढे सरसावली, पण झुलालनं तिला हातानं थांबवलं. त्यानं शिवी दिली नाही, आवाजही चढवला नाही.

"भाऊ, तू थांबना का बरं नहीं?"

पोराची मान खाली गेली. "घाबरलो होतो, आबा."

"मी बी घाबरेल व्हतू," झुलाल म्हणाला. "माले ते पळता बी उनं नहीं."

भूपेंद्र गाडीत जाऊन बसला. गाडी सुरू झाली आणि फाटकातून बाहेर गेली. खटला उभा राहील तेव्हा राहील.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हाती चाक येईल. चूक कुणाच्याही हातून होते, तुमच्याही होईल. घाबराल, हातपाय कापतील. कापू द्या. पण गाडी थांबवा, दार उघडा आणि खाली उतरून त्या माणसाजवळ जा.