तिहेरी उडी, महिला गट

तो कप आणि ढालींच्या दुकानात नावं कोरायचा. डोळ्याला भिंग, हातात कोरणी आणि समोर रोज कुणाचा तरी पराक्रम. अकरा वर्षांत त्यानं हजारो लोकांना पहिलं आणलं होतं. स्वतः मात्र शाळेत लिंबू-चमच्यातही बाद झाला होता, आणि तेही लिंबू पडायच्या आधी.

एकदा पोहण्याच्या स्पर्धेचा एक कप न्यायला कुणी आलंच नाही. तलाव गळत होता म्हणून स्पर्धाच रद्द झाली होती. कप तीन वर्षं फळीवर धूळ खात पडला. एका संध्याकाळी त्यानं त्यावर गुपचूप स्वतःचं नाव कोरलं आणि घरी नेला. बायकोनं तो उलटासुलटा करून पाहिला, "अगंबाई" म्हणाली आणि फ्रीजवर ठेवून दिला.

झालं, आता एकटा कप फ्रीजवर ओकाबोका दिसायला लागला. म्हणून तसाच पडून राहिलेला बुद्धिबळाचा आणला. मग 'उत्कृष्ट वक्ता' आणला. "भाषण कुठे केलंत?" असं बायकोनं विचारलं, तेव्हा वक्ता पाणी प्यायला उठला. चार वर्षांत एकोणीस कप जमले. फ्रीजचं दार जोरात लावायची सोय उरली नाही. एकावर तर आधीच 'तिहेरी उडी, महिला गट' असं कोरलेलं होतं.

"महिला गट?" बायकोनं विचारलं.

"त्या वर्षी स्पर्धक कमी होते."

"बरं," म्हणून ती भाजी ढवळायला लागली.

तिथे थांबावं की नाही? यानं विसावा कपही हेरून ठेवला.

त्याची नऊ वर्षांची लेक पोहायला शिकत होती. एक दिवस घरी येऊन म्हणाली, "बाबा, रविवारी आमच्याबरोबर पालकांची पण शर्यत आहे. मी तुझं नाव दिलंय."

"अगं, मला विचारायचं तरी!"

"त्यात काय विचारायचं? पोहण्याचा कप आहे की तुझा."

आता नाही म्हणावं तर एकोणीसच्या एकोणीस कप खाली येणार. आठवडाभर त्यानं बादलीत तोंड घालून श्वास रोखायचा सराव केला. बादलीत त्याला झकास जमत होतं.

रविवारी मेव्हण्याची चड्डी नाडीनं आवळून तो काठावर उभा राहिला. एका बाजूला दातांचे डॉक्टर, दुसऱ्या बाजूला कुणाची तरी आजी. पोहणं शिकवणारे सर भोंग्यावर ओरडले, "आणि चौथ्या रांगेत आपले माजी विजेते!" टाळ्या पडल्या. शिट्टी झाली. सगळ्यांनी सूर मारले. माजी विजेते शिडीवरून उतरले.

पाणी छातीपर्यंत होतं. तो हात पोहल्यासारखे मारत चालत निघाला. अर्ध्यापर्यंत लांबून ते बरं दिसत होतं. मग तळ उतरता झाला. त्यानं रांगेचा दोर दोन्ही हातांनी कवटाळला. तोवर आजी पोचून, अंग पुसून, चष्मा लावून त्याच्याकडे बघत होती. सरांनी पानं काढायचा लांब बांबू पुढे केला. "माजी विजेते, धरा."

धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला वाटलं. पण धरणी नऊ फूट खाली होती, आणि तिथवर जायचं तर पोहता येणं भाग होतं.

टॉवेल गुंडाळून तो बाकावर बसला. लेक आपला कप घेऊन शेजारी येऊन टेकली.

"बाळा, ते घरातले कप..."

"माहितीये. सगळ्यांवर अक्षर एकच आहे. तुझं. आईला तर पहिल्यालाच कळलं."

"मग बोलली का नाही ती?"

"म्हणाली, राहू देत, फ्रीज मोठा आहे."

त्याचे कान तापले. पकडले जाऊ म्हणून तो चार वर्षं धास्तावला होता. या दोघींनी त्याला केव्हाच पकडून वर सांभाळूनही घेतलं होतं. त्यापेक्षा बांबू बरा होता.

"मग माझं नाव कशाला दिलंस?"

"वाटलं, तुला एखादा खरा मिळेल." तिनं आपल्या कपावरचं पाणी पुसलं. "कप खोटे असतील रे, पण पोहता तरी येत असेल, असं वाटलं."

सोमवारी तो दोन पिशव्या घेऊन दुकानात गेला. मालकासमोर एकोणीस कप मांडले आणि सगळं सांगून टाकलं. मालकानं एक उचलला.

"तिहेरी उडी?"

"हो."

"महिला गट?"

"हो."

मालकानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "चहा घे. मग घासून काढ सगळ्यांवरचं नाव."

शाळा सुटल्यावर लेक आली. तिच्या कपावर नाव घालायचं होतं. "'तिसरा क्रमांक' असं लिही. तीनच मुली होत्या. माझ्यामागे कुणीच नव्हतं, म्हणून मी निवांत पोहले. मस्त वाटलं."

"तिसरा लिहायलाच हवं असं नाही," त्याच्या तोंडून निघून गेलं. "नुसतं 'विजेती' लिहिलं तरी..."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. आई भाजी ढवळताना पाहायची, अगदी तसंच.

"लिहितो," तो म्हणाला, आणि मान खाली घालून 'तिसरा' कोरायला लागला. त्या एका शब्दाला अर्धा तास लागला. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. "छान आलंय. हे पण तुझंच अक्षर."

घरी फ्रीजवर तिचा एकच कप ठेवला. त्याच्याभोवती जुन्या कपांचे एकोणीस गोल डाग उठले होते. बायकोनं फडकं घेतलं.

"दे, मी पुसतो," तो म्हणाला आणि स्टुलावर चढला.

"जपून हं," बायको खालून म्हणाली. "तिहेरी उडी नको."

कानापर्यंत लाल होऊन त्यानं एकोणीसही डाग पुसले.