नाकाची पट्टी

धाकटी पळायला लागली की तिच्याआधी तिचं नाक पळायचं. सर्दी म्हणावी, तर दिवसभर शिलाई मशीनवर बसूनही एक शिंक नाही. मैदानाची अर्धी फेरी झाली की मात्र धार लागलीच. औषधवाल्याने समजावलं होतं, "आजार नाही हो हा. गार हवेत जोराने श्वास घेतला की पुष्कळांचं होतं. रुमाल ठेवा जवळ."

ठेवायचा कुठे? एका हातात रिलेची काठी, दुसरा नाकाला, आणि घाईत हातांची अदलाबदल व्हायची.

रविवारी शिवण कारखान्याच्या चौघींची रिले होती. तिसरी पळणार धाकटी, चौथी तिची थोरली जाऊ. कापडाला हात लावण्याआधी दोनदा हात धुणारी बाई ती! शुक्रवारच्या सरावात तिने काठी घेतलीच नाही.

"हे असलं चिकट माझ्या हातात? रविवारपर्यंत बंदोबस्त कर, नाहीतर तुझ्या जागी काजेवालीला घेऊ."

लग्नानंतर धाकटी पहिल्यांदाच पळत होती. दोन महिने रोज पहाटे उठायचा नेम तिने एकदाही मोडला नव्हता.

दुपारच्या सुट्टीत तिने डाव्या मनगटासाठी पट्टी शिवली. चारचौघींत चिंधी कशी बांधायची, म्हणून कोरं पांढरं कापड घेतलं, वर झालर लावली.

शनिवारी पट्टीने नाक टिपलं नाही, गालभर सारवलं. बाकीच्या दोघी हसून लोटपोट. थोरली जवळ आली तशी धाकटीने मान खाली घातली. संपलं सगळं!

थोरलीने पट्टी चिमटीत धरली. "अगं, शिवणारी ना तू? कापडाची खळसुद्धा काढली नाहीस. पाणी पिईल कसं? आणि झालर कशाला, नाकाचं लग्न आहे?"

"चुकलं, जाऊबाई."

"चल मशीनवर. तुझ्या भावजींची जुनी बंडी आहे, शंभरदा धुतलेली. आणि नीट ऐक, पुसायचं ते डाव्यानेच. उजवा हात माझा."

रविवारी अर्ध्या वाटेवर धार लागली. धाकटीने डावं मनगट नाकाखालून फिरवलं आणि पाय उचलले. पुढे थोरली पाठमोरी उभी होती, हात मागे पसरून. तिने वळून काठीकडे पाहिलंसुद्धा नाही. काठी मुठीत आली तशी ती सुसाट सुटली.

"पळा जाऊबाई, पळा!" धाकटी गळा फाडून ओरडत होती. काजेवालीने कोपर मारलं तेव्हा कुठे तिला कळलं, नाक ओठापर्यंत आलंय.