गुळंबटाचं पुढे काय झालं

लग्नाला वर्ष व्हायच्या आतच बायकोने लिफ्ट तपासनिसाला 'गुळंबट' असं नाव ठेवलं आणि ते घरादारात चांगलंच रुळलं. मुलगी लाडात आली की 'गुळंबट बाबा' म्हणायची. मेहुणी तर दारातूनच "काय गुळंबटराव, बरं आहे ना?" असं विचारून तोंडावर हात धरून हसायची. नावात गूळ आहे, तेव्हा ते कौतुकाचंच असणार, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. त्यात आंबटही आहे, हे गृहस्थाच्या कधी डोक्यातच आलं नाही.

एरवी माणूस महासंशयी. इमारतींच्या लिफ्ट तपासायच्या आणि त्या सुरक्षित असल्याचा दाखला द्यायचा, ही त्याची नोकरी, आणि 'कशावरून?' हा त्याचा लाडका प्रश्न. दोर नवा आहे म्हणता, कशावरून? ब्रेकला तेल लागलेलं नाही, कशावरून? घरीही तेच. दूध तापलं म्हटलं तरी कशावरून. बायको मात्र लहानपणापासून अद्भुत कादंबऱ्यांची वेडी. चार जाडजूड भागांची एक जुनी गाथा तिने माहेरून आणून कपाटात जपली होती. "एवढी मोठी बाई आणि चेटकिणींच्या गोष्टी वाचते," असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि ती नुसती गालातल्या गालात हसायची.

घरातल्या यच्चयावत पुस्तकांना खाकी कव्हर घालायची तिला सवय होती. त्यामुळे एका सकाळी तपासनिसाने घाईत लिफ्टची नियमावली म्हणून गाथेचा पहिला भागच पिशवीत टाकला. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये तो लिफ्टमध्ये भरून बघायच्या वजनांच्या टेम्पोची वाट बघत बसला होता. टेम्पो येईना, म्हणून त्याने नियम चाळायला पुस्तक उघडलं, तर आत एक राजकन्या बेडकाशी भांडत होती.

निदान चुका तरी काढू, म्हणून तो वाचत राहिला. थोड्याच पानांनी जादूगाराचा मनोरा आला. त्यात माणसं वर न्यायला दोराला टांगलेली लाकडी पेटी होती आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला दगड. किती दगड? तर रिकाम्या पेटीचं वजन, अधिक निम्म्या माणसांचं. तपासनीस ताठ बसला. हिशेब बिनचूक होता. ज्या लेखकाला प्रतिवजन कळतं, तो बेडकाबद्दल उगाच थापा मारणार नाही, असं त्याच्या मनाने घेतलं.

टेम्पो आला, वजनं उतरली, खालून हाका सुरू झाल्या. "थांबा, तपासणी चालू आहे," त्याने वरूनच सांगितलं आणि पान उलटलं. त्या दिवशी आठव्या मजल्यावरच्या आजीसुद्धा जिन्याने चढल्या. पुढे महिनाभर शहरातल्या लिफ्ट कधी नव्हे इतक्या कसून तपासल्या जाऊ लागल्या. साहेब दार लावून घेतात आणि बाहेरच येत नाहीत, अशी त्यांच्या कसोशीची ख्याती झाली.

दुसऱ्या भागात एक पूल होता, आणि पुलावर पहारा करणारा एक राक्षस. कानावर शेवाळ उगवलेला, डोक्याने जड. येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून तो विचारायचा, 'तू तूच आहेस कशावरून?' लोक तासन्‌तास ताटकळायचे. या राक्षसाचं नाव होतं गुळंबट.

तपासनिसाने ते नाव पुन्हा वाचलं, चष्मा पुसून आणखी एकदा वाचलं. मग मुलगी आठवली, मेहुणीचा तोंडावरचा हात आठवला, आणि त्याचे कान तापले. इतकी वर्षं आपण त्या हाकेला ओ देत होतो, याचा त्याला भयंकर संताप आला. जाब विचारावा, तर पुस्तक वाचल्याचं कबूल करावं लागणार. तो रागाने फणफणला, आणि रागातच त्याने दुसरा भाग संपवून तिसरा उघडला.

तिसऱ्या भागात युद्ध पेटलं. सगळं गाव पोराबाळांसकट पूल ओलांडत असताना मधला खांब ढासळला. गुळंबट, ज्याला कुणी कधी धड हाक मारली नव्हती, नदीत उतरला आणि त्याने पूल खांद्यावर घेतला. पाणी छातीला लागलं, गळ्याला लागलं, आणि तिथेच तिसरा भाग संपला.

मशीनरूममध्ये तपासनिसाला घास गिळवेना. गुळंबट बुडाला की वाचला, एवढाच प्रश्न नव्हता. बायकोने आपल्याला नाव ठेवलं ते कुठल्या गुळंबटाचं? लोकांना छळणाऱ्या मठ्ठाचं, की पाण्यात उभं राहणाऱ्याचं? अर्धा संसार उलटून गेल्यावर त्याला पहिल्यांदाच हे कळून घ्यावंसं वाटत होतं, आणि त्यासाठी चौथा भाग हवा होता. कपाटात तो नव्हता.

बायकोला सगळा सुगावा लागलेला होता. पुस्तकात पानोपानी ग्रीसने बरबटलेले अंगठे उमटल्यावर दुसरं काय होणार?

"पूल पडायला आलाय म्हणे," जेवताना ती सहज म्हणाली.

त्याचा हात ताटातच थांबला. "कुठला पूल?"

"नदीवरचा. तुम्हाला काय झालं एवढं दचकायला?"

"काही नाही. भात वाढ."

मग त्याने चोरून सासरी असलेल्या मुलीला फोन लावला. कामावरचा एक मित्र वाचतोय, त्याला चौथ्या भागात काय होतं ते हवंय, असं सांगितलं. पलीकडे बराच वेळ खुसखुस झाली. "बाबा, मलाही आईने चौथा कधी दिला नाही," मुलगी शेवटी म्हणाली. "तुमच्या मित्राला कळलं तर मलाही सांगा."

रविवारी दुपारी त्याने शरणागती पत्करली. बायको खिडकीशी बसून बटणं लावत होती. तो समोर जाऊन उभा राहिला.

"गुळंबट मरतो का?"

तिने सुई खाली ठेवली. आता ती पोट धरून हसणार, या तयारीने तो उभा होता. ती हसली नाही.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "चौथा भाग मी वाचलेलाच नाही."

"कशावरून?" सवयीने तोंडून गेलंच.

ती उठली. कपड्यांच्या तळातून तिने पुस्तक काढून त्याच्या हातात ठेवलं. जुन्या पद्धतीची छपाई होती. पानं कडेला एकमेकांना जोडलेली, सुरीने कापून सुटी करायची. एकही पान कापलेलं नव्हतं.

"लहान होते तेव्हा धीर झाला नाही," ती म्हणाली. "मग तुमच्याशी लग्न झालं. तुम्हाला ते नाव पडलं. त्यानंतर तर कसं उघडायचं? तो मेला असता म्हणजे?"

दुरुस्त झालेल्या लिफ्टची पहिली फेरी तपासनिसाने एकट्याने मारायची आणि मगच लोकांना आत घ्यायचं, अशी त्याच्या खात्यात रीत होती. त्याने स्वयंपाकघरातून सुरी आणली.

"तू इथेच बस. आधी मी एकटा जाऊन येतो."

तो आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. पानं कापल्याचा करकर आवाज बाहेर येत राहिला. मध्येच तो थांबला, की ती दाराकडे बघायची. ऊन खिडकीतून भिंतीवर चढलं. बटणं तशीच राहिली. मग आतून नाक शिंकरल्याचा मोठा आवाज आला आणि तिने डोळे गच्च मिटून घेतले.

"नकोच सांगू," दार उघडल्यावर ती म्हणाली. अहोजाहो कुठल्या कुठे गेलं होतं.

"अगं, आहे तो," तपासनीस म्हणाला. डोळे लाल होते आणि ते लपवायचं त्याला भान नव्हतं. "खांदा कायमचा वाकला. पण आहे. लोकांना अजून पिडतोय."

ती रडली, मग हसली, मग पुस्तक ओढायला लागली. "शेवटचं पान दाखव."

"छे. पहिल्यापासून जायचं. मी वाचतो, तू ऐक."

ती त्याच्या शेजारी सरकून बसली. "वाच की रे मग, गुळंबटा," ती म्हणाली. कुठल्या भागातला, हे त्याने विचारलं नाही.