पेटीचं झबलं

“पंख्याचं मले सांगू नका, देवमनभाऊ. पंखा जीव तोडून फिरून राहिला. पेटीच्या आत चौऱ्यांशी डिग्री दाखवते, त्याचं बोला.”

“काल अकोल्यात पंचेचाळीस होतं, ताई. पेटी तापनार नाई तं तिले का थंडी वाजनार हाय?” फोनवर देवमन म्हणाला. तो अकोल्याच्या एका टपरीवर चहा पीत उभा होता, आणि पौर्णिमा शंभरेक किलोमीटर अलीकडे, अमरावतीच्या राजापेठेत, दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात स्क्रीनसमोर बसली होती.

कंपनीचं काम खेड्यापाड्यांत इंटरनेट पोचवायचं. धारणीपासून बाळापूरपर्यंत त्रेचाळीस गावांत कुणाच्या ना कुणाच्या छतावर कंपनीचा अँटेना होता आणि खाली खोलीत वहीएवढी एक लोखंडी पेटी. पेटीत लिनक्सवर चालणारा छोटासा संगणक. प्रत्येक पेटी दर मिनिटाला आपली हालहवाल अमरावतीला कळवायची. आत ताप किती, पंख्याचे फेरे किती, वीज आहे की बॅटरीवर भागतंय, किती माहिती आली, किती गेली, वाटेत किती सांडली. हे सगळं गोळा करायची व्यवस्था पौर्णिमानं सात वर्षं खपून एकटीनं उभी केली होती. ऑफिसातले तिला नर्सबाई म्हणत. त्रेचाळीस पेशंट, सगळ्यांना ताप, आणि नर्स एकच. तिला त्या नावाचं काही वाटत नसे.

पण नर्सचाही एखादा पेशंट जवळचा असतो. बाळापूर लाइनवरची चौथी पेटी, जी आत्ता चौऱ्यांशीवर होती, ती पौर्णिमाच्या बापाच्या घरात होती. हे ऑफिसात कोणालाच माहीत नाही, अशी तिची समजूत होती.

अकरा वर्षं झाली त्या गोष्टीला. गावातल्याच वामनरावांच्या मुलाशी तिचं साक्षगंध झालं होतं. लग्नाला नऊ दिवस उरले असताना ती पहाटेच्या एसटीत बसून अमरावतीला आली, ती परत गेलीच नाही. मुलगा वाईट नव्हता. तिला शिकलेलं वाया घालवायचं नव्हतं, एवढीच बाब होती, आणि ती सांगायला तिनं फार उशीर केला होता. तिचा बाप महादेवराव माळी काही खाली मान घालून चालणारा माणूस नव्हे, पण तो उन्हाळा त्यांना तसंच चालावं लागलं. त्यांनी बायकोला शपथ घातली, “तिच्याशी एक शबद बोलशीन, तं माहं मेलेलं तोंड पाहाशीन.” मनकर्णाबाईंनी शपथ पाळली. पहिलं वर्षभर पौर्णिमा फोन करायची. फोन उचलला जाई, पलीकडे श्वास ऐकू येई, आणि मग ठेवला जाई. पुढे तिनंच फोन करणं सोडलं. आईला दर वेळी त्या शपथेपुढे उभं करणं तिच्या जिवावर येई.

दोन वर्षांपूर्वी कंपनीला त्या बाजूला उंचावरचं छत हवं होतं. देवमननं तीन घरं पाहून यादी पाठवली. पहिलं नाव वामनरावांचं होतं, तिसरं महादेवरावांचं. घर एकमजलीच, पण टेकाडावर. पौर्णिमा त्या यादीकडे दुपारभर बघत बसली आणि संध्याकाळी तिनं तिसऱ्या नावापुढे खूण केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, समोरचं सगळं मोकळं दिसतं. निम्मं तरी ते खरं होतं.

तेव्हापासून तिला घर कळू लागलं. पहाटे झेंडूची गाडी अकोल्याच्या बाजाराला निघताना दार उघडायचं आणि पेटीचा ताप दोन अंशांनी उतरायचा. सव्वासहाच्या सुमारास तो हळूहळू चढायचा, कारण पेटीच्या पाठच्या भिंतीला चूल होती. म्हणजे आईनं भाकरी थापायला घेतली. दुपारी तीनला अर्धा तास कोणीतरी मोबाइलवर काहीतरी बघायचं. काय, ते तिला दिसत नव्हतं आणि दिसत असतं तरी तिनं बघितलं नसतं. तिला फक्त आकडे मिळत. किती, केव्हा आणि किती वेळ. एवढ्यावर माणसाची भूक भागत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं, तरी रोज सकाळी ऑफिसात आल्यावर बेचाळीस पेट्या सोडून ती आधी तीच उघडायची.

आणि आता मालक शेखरभाऊ तिच्या खुर्चीमागे येऊन उभे होते.

“चार दिवसांत तीनदा बंद पडली ते पेटी. सतरा गावं लटकली हायेत तिच्यावर. लोक मले फोनवर काय काय बोलतात, तुले सांगता येत नाही. उद्या हालवून टाका वामनरावाकडे. दोन मजली घर हाय, थंड हाय.”

“मला आजचा दिवस द्या, भाऊ.”

“आजचा घे. उद्या नाही देनार.”

पेटी हलली असती, तर पौर्णिमाला रोज वामनरावांच्या घराची चूल कळली असती. ज्या घरात जायला ती नाही म्हणाली, त्याच घराची. आणि आपलं घर पुन्हा अंधारात गेलं असतं.

तिनं आठवड्याचा आलेख उघडला. ऊन तर सगळीकडेच होतं. बाळापूर लाइनच्या इतर पेट्या तीन-चार अंशांनी चढल्या होत्या, रोज थोड्या थोड्या, उन्हाच्या चालीनं. ही मात्र गुरुवारी दुपारी साडेतीनला एकदम उठली होती. अर्ध्या तासात चौदा अंश, आणि नंतर खाली यायचं नावच नाही. पंखा फिरतोय, पण वारा आत जात नाही. आतली गरमी आतच घुमतेय. पेटी तापली की काम हळू करते, हळू केलं की माहिती सांडते आणि फारच झालं की स्वतःहून बंद पडते. ऊन असं घड्याळ लावून चढत नाही. हे माणसाचं काम होतं.

“देवमनभाऊ, गाडी काढा,” तिनं पुन्हा फोन लावला. “आज निस्तरलं नाही, तर उद्या पेटी वामनरावांकडे जाते. तिच्यावर कोणीतरी काहीतरी ठेवलंय. गुरुवारी दुपारी.”

“इतल्या उनात?”

“इतक्याच उनात.”

डोक्याला दुपट्टा गुंडाळून देवमन निघाला. सव्वा तासानं त्याचा फोन आला, तेव्हा तो हसत होता.

“ताई, बराबर हाय तुमचं. पेटीले झबलं घातलं हाय.”

“काय घातलं?”

“झबलं. लोकरीचं. हिरवं आन् लाल, खालून झालर हाय. वायरीसाठी छेदं बी ठुले हायेत बरोबर मापात. पंख्याची जाळी मातर पुरी झाकली. मी म्हनलं, आजी, हे कायले? तं ते म्हनते...” तो थांबला. हसणं गेलं आणि आवाज खाली आला. “ताई, एक सांगू का? रागावू नका. मागच्या महिन्यात माह्याच तोंडून निंगालं. त्या मले इचारत होत्या, अमरावतीले कोन असते तुमच्या ऑफिसात. मी म्हनलं, पौर्णिमाताई असते, तेच पाह्यते हे पेटी, दर मिनिटाले.”

पौर्णिमानं खुर्ची भिंतीकडे वळवली.

“मले पैल्यापासून मालूम हाय, ताई. आडनाव एक, नाक बी एक. मी कोनाले बोललो नाई.”

महिनाभर. म्हणजे महिनाभर आईला माहीत होतं की या पेटीच्या दुसऱ्या टोकाला आपली लेक आहे. घरोघरी टीव्हीला, मिक्सरला, शिलाई मशीनला विणलेली आवरणं असतात, धूळ बसू नये म्हणून. आवडीच्या वस्तूला जरा जास्त नक्षी. मनकर्णाबाईंनी महिनाभर बसून या पेटीला विणलं होतं. लेकीला घालता येईल असं त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतं.

“फोन स्पीकरवर ठेवतो,” देवमन म्हणाला. “आजी इथीच हायेत.”

मग खोलीचा आवाज आला. छताच्या पंख्याची कुरकुर, कुठेतरी कोंबडी. पौर्णिमानं दोन्ही हातांनी मोबाइल धरला.

“देवमन,” आईचा आवाज आला. अकरा वर्षांत तो जरा बारीक झाला होता. “तुमच्या ऑफिसले इचार, काय बिघडलं म्हना.”

ती फोनशी बोलत नव्हती. देवमनशी बोलत होती. शपथ मोडत नव्हती.

पौर्णिमाला ते लगेच कळलं आणि तिनंही तसंच केलं. “देवमनभाऊ, त्यांना सांगा, काही बिघडलं नाही. लय सुंदर हाय म्हना. फक्त पेटीले वारा लागते. कपडा घातला की तिचा जीव गुदमरते.”

देवमननं शब्द न् शब्द पुन्हा सांगितला, जरी सगळ्यांना ऐकू आलं होतं.

“म्हंजे काढून टाका लागते,” आई म्हणाली. “माह्या हातचं काईच चालत नाई का मंग तिकडं?”

हे वाक्य देवमननं पुढे सांगितलं नाही. पेटी उघडी केली, तर घर राहणार होतं आणि आईचं विणलेलं जाणार होतं. ते राहू दिलं, तर पेटी उद्याच वामनरावांकडे. यातलं आईला काहीच माहीत नव्हतं आणि सगळं सांगण्याइतकी वाट या तिघांच्या बोलण्यात नव्हती.

“देवमनभाऊ,” ती म्हणाली, “जाळीचं इनता येईन का, इचारा. मोठमोठ्या छेदांची जाळी. मागून पंख्याची बाजू मोकळी. तेवढ्यानं दोन-तीन डिग्री चढन पेटी. तेवढं मी पाहून घेईन म्हना.”

“दोन-तीन डिग्रीनं तिले तरास तं नाई होनार?”

“नाई होनार.”

“मंग जाळीचं करतो. उसवाले येळ नाई लागत.” आईच्या आवाजात घाई आली होती. “लोकर हाय माह्यापाशी. कोनता रंग—”

तिथं ती एकदम थांबली. दाराची कडी वाजली होती. चपला काढल्याचा आवाज, मग माठावरचं झाकण, मग घटाघट पाणी पिण्याचा आवाज.

“कोन हाय फोनवर?” महादेवराव.

“ऑफिस हाय, काका,” देवमन म्हणाला.

“काय म्हनते ऑफिस?”

“पेटी तापून राहिली म्हनते. थंडी नाई झाली, तं उद्या वामनरावाकडे न्या लागन.”

छताचा पंखा तेवढा कुरकुरत राहिला. इतका वेळ की फोन कटला असं पौर्णिमाला वाटलं आणि तिनं स्क्रीनकडे बघितलं. नव्हता कटला.

“तेथी कायले?” महादेवराव म्हणाले. “पेटी कुठी जानार नाई. मी खिडकीपाशी फळी ठोकून देतो, वाऱ्यावर. सांग ऑफिसले.”

“सांगतो.”

हातोडी शोधत ते आतल्या खोलीत गेले असावेत, कारण आवाज लांबून आला, आणि तो देवमनला बोलल्यासारखाच होता.

“आन् ऑफिसले इचार. जेवन झालं का म्हना.”

ऑफिसला जेवण झालं का, असं कधी कोणी विचारत नाही. देवमननं या वेळी निरोप पुन्हा सांगितला नाही. तो थांबला. आई थांबली होती. पौर्णिमाला वाटलं, ‘बाबा’ म्हणावं. तो शब्द ओठांपर्यंत आलाही. पण त्या माणसानं मोठ्या कष्टानं दार बोटभर उघडलं होतं. तिनं आत पाय घातला असता, तर त्यांना ते पुन्हा लावून घ्यावं लागलं असतं.

“झालं म्हना,” ती म्हणाली. “आत्ताच झालं.”

पलीकडे फळीवर पहिला खिळा ठोकल्याचा आवाज आला, आणि मग देवमननं फोन बंद केला.

दोन वाजता आकडा एकोणऐंशीवर आला, मग पंच्याहत्तर. अडीचला सत्तर. पंख्याचे फेरे उतरले, सांडणं थांबलं, सतरा गावं पुन्हा सुरळीत झाली. शेखरभाऊ जाता जाता स्क्रीनकडे बघून गेले.

“काय निंगालं मंग?”

“वरून झाकलं होतं. काढलं.”

“म्हंजे रायली तिथीच?”

“राहिली.”

ते गेले. पौर्णिमानं त्या पेटीची इशाऱ्याची मर्यादा तीन अंशांनी वाढवली. व्यवस्थेनं कारण विचारलं, कारण लिहिल्याशिवाय बदल होत नाही, हा नियम तिनंच केला होता. ती जरा वेळ थांबली आणि तिनं लिहिलं, घरच्यांची सोय.

मग तिच्या लक्षात आलं की आपण सकाळपासून काही खाल्लेलं नाही. चहासुद्धा निवून तसाच राहिला होता. अकरा वर्षांनी बापानं विचारलेली पहिली गोष्ट, आणि तिचंच उत्तर आपण खोटं दिलं. ती उठली, हात धुऊन आली, टेबलाखालच्या पिशवीतून पोळी-भाजी काढली आणि तिथंच जेवायला बसली. तिनं पाण्याच्या घोटाबरोबर एकेक घास खाली ढकलला आणि दोन्ही पोळ्या संपवल्या.