उभा राहिलेला शाफ्ट

टर्बाइन हॉलमधल्या ऑपरेटरला सगळे कानसेन म्हणायचे. गाण्याबिण्याशी संबंध नाही. गडी बेअरिंगवर लोखंडी गज टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचा आणि मशीनच्या पोटात काय दुखतंय ते सांगायचा. एकतीस वर्षं सांगत होता. कधी चुकला असं कुणाला आठवत नव्हतं, त्याला स्वतःला तर मुळीच नाही.

त्या दिवशी सकाळपासून मात्र त्याच्या पायाला भिंगरी लागली होती. अकरा वाजता मशीन बंद करा, असा हुकूम आला होता. आणि हुकूम सोडणारी होती त्याची सख्खी लेक.

लेक लोड कंट्रोलमध्ये होती. विजेचं असं असतं, जेवढी खपते तेवढीच त्या घटकेला तयार करायची, कमी नाही की जास्त नाही. ते तोलायचं काम तिचं. आणि हल्ली माळावर मैलभर काचेच्या पाट्या अंथरल्या होत्या. ऊन पडलं की वीज. भर दुपारी तर इतकी, की घ्यायला माणूस मिळेना. मग कोळसेवाल्यांनी तेवढा वेळ गप्प बसायचं, आणि ऊन उतरून घराघरांत दिवे लागले की पुन्हा धावत सुटायचं.

"काही फिरत नाही, काही आवाज नाही," कानसेन कँटीनमध्ये करवादायचा. "नुसतं उताणं पडायचं आणि वीज! तसा एक मेहुणा आहे माझ्याकडे. तो वीजसुद्धा देत नाही."

पवनचक्क्यांबद्दल बोलताना तो जरा नरम असायचा. त्या निदान फिरतात तरी. आपल्याला वाफ ढकलते, त्यांना वारा, चुलत भावंडंच म्हणायची.

तर, मशीन बंद केलं. वाफ तोडली. हळूहळू वेग उतरत उतरत पावणेबाराला शाफ्ट थांबायला आला. आता इथं खरी मेख आहे. टर्बाइनचा शाफ्ट म्हणजे भलामोठा पोलादी दांडा, पण तापलेला असताना त्याला उभं राहू द्यायचं नसतं. थांबला, की वरची बाजू गरम राहते, खालची निवते, आणि एवढं धूड केसाएवढं वाकतं. म्हणून एक छोटी मोटर त्याला सावकाश फिरवत ठेवते. कानसेननं मोटर लावली. ती घरघरायला लागली. तेवढ्यात फोन.

"बाबा, साडेपाचला हवंय हं मशीन."

"आता हवंय होय? सकाळी बाप नको झाला होता!"

"मी बापाला नाही, मशीनला बंद केलं. आणि ड्युटीच्या फोनवर भांडू नका, सगळं रेकॉर्ड होतं."

"होऊ दे रेकॉर्ड! एकतीस वर्षांत असं रोज निजवायचं-उठवायचं कुणी सांगितलं नव्हतं. हे काय कुकर आहे?"

बोलता बोलता त्यानं एका कानानं मोटरची घरघर ऐकली. छान चालली होती. त्यानं लॉगबुक ओढलं आणि लिहिलं, शाफ्ट फिरतोय. गज उचलला नाही. पाच पावलं चालून बघितलं नाही. रागाच्या भरात चहाला गेला, तिथं आणखी दोघांना ऐकवलं.

साडेबाराला जोडीदार फिटर डबा खाऊन आला. त्याला पैलवान म्हणायचे, वजन असेल पन्नास किलो. तो शाफ्टच्या टोकाशी वाकला आणि तसाच राहिला.

"कानसेन, ही पांढरी खूण हलत का नाही?"

कानसेन धावत येऊन वाकला. मोटर फिरत होती, पण मधलं दातेरी चाक शाफ्टला लागलंच नव्हतं. मोटर एकटीच गात होती. शाफ्ट पाऊण तास उभा.

पैलवानानं कपाळावर हात मारला. "ऐकलं नाहीस?"

"ऐकलं ना," कानसेन म्हणाला. "तेच तर केलं."

मग काय, लांब दांडा काढला. दोघांनी घाम गाळत शाफ्ट अर्धा फेरा फिरवला, गरम बाजू खाली घेतली. टोकाशी बाक मोजायचा डायल लावला. काटा एकवीसवर. तो पाचाच्या आत हवा. आता मारून-मुटकून उपयोग नसतो. खाली गेलेली बाजू आपसूक निवेल तसा शाफ्ट सरळ व्हायचा, तोवर बघत बसायचं. नेमकं तेच कानसेनला जमत नव्हतं. डायलपाशी जाई, परत येई, तेलाचा पंप बघे, पुन्हा डायलपाशी. वीस. बराच वेळ वीसच.

"अरे, बस जरा. काट्याला दृष्ट लागेल तुझी."

"तू बस. तुझं नाव नाही लिहिलेलं लॉगबुकात."

साहेब धावत आले. नव्यानं आलेले, तिशीचेही नसतील. डायल बघून त्यांचा चेहरा उतरला. "काका, साडेपाचला वाफ द्यावीच लागेल. गेल्याच आठवड्यात वरून ऐकवलंय, वेळेवर उठत नसेल तर हे मशीन मोडीत काढू."

"साहेब, वाकडा शाफ्ट जोरात फिरवला तर आतली पाती घासतील. मग मोडीत काढायची वाट बघायला नको. आजच निघेल."

"मग काय सांगायचं त्यांना? सेन्सर बिघडला म्हणू?"

कानसेननं घाम पुसला. सेन्सर काही बोलणार नव्हता. पण सेन्सर म्हटलं की लेक विचारणार, तासाभरात बदलाल ना? आणि तासाभरानं दुसरं खोटं लागणार. तिकडं ती साडेपाचचं धरून बसलेली. सूर्य काही कुणासाठी थांबत नाही.

त्यानं फोन उचलला.

"कंट्रोल, बोला."

"मी बोलतोय."

"बाबा, परत भांडायचं असेल तर…"

"ऐक. शाफ्ट पाऊण तास उभा राहिला. चाक लागलं नव्हतं. मी बघितलं नाही, न बघता लिहिलं. साडेपाच होणार नाही."

पलीकडं कीबोर्ड वाजायला लागला. रेकॉर्ड होत होतं तेही.

"किती वाजता मग?"

"सात."

"नक्की सात, की माझ्यासाठी सात?"

त्यानं डायलकडं पाहिलं. एकोणीस. "साडेसात," तो म्हणाला.

"बरं. संध्याकाळी टेकडीवर वारा चढतोय, चक्क्या थोडं देतील. धरणाचं पाणी सोडायला सांगते. उरलेल्यासाठी, वीज कमी घ्या म्हणून, दोन कारखान्यांच्या पाया पडते. पण साडेसातच्या पुढं माझ्याकडे काही नाही, बाबा."

"लागणार नाही."

काटा दहावर आला तेव्हा तीन वाजत आले होते. चाक बसवलं, मोटर लावली, आणि कानसेन खुणेपाशी उकिडवा बसून फेरे मोजू लागला. सहाला डायल सहावर. पावणेसातला पाच. साहेब म्हणाले, "काका, काठावर आलंय. देऊ का वाफ? पाऊण तास वाचेल."

खिडकीबाहेर ऊन कधीच गेलं होतं. उठून व्हॉल्व्हकडं धावावं असं कानसेनला वाटत होतं.

"चार होऊ द्या," तो म्हणाला, आणि पैलवानाचा हात घट्ट धरून तिथंच बसून राहिला.